मार्थाबाईंचा अबोला

बातमी बाबूभाई बागवानाने आणली. जामखेडच्या बाजूने लिंबं घेऊन तो महिन्यातून एकदा नगरच्या बाजाराला येतो आणि पाट्या उतरवून झाल्या की माझ्या दारावरून जातो. त्या दिवशी तो उंबऱ्याशी बसला, पाणी मागून प्यायला आणि मिशा पुसत म्हणाला, "पाळकसाहेब, मारताबाई गेली. परवा सांजच्याला माती झाली." मी विचारलं, प्रार्थना कोणी केली? तो म्हणाला, "कुनीच न्हाई. तुमच्या जागी आल्याले साहेब आजारी हायेत, हितंच इस्पितळात. वाट कुनाची बघायची? आमी समद्यांनी मिळून माती दिली. लई मानसं हुती..."

तो गेल्यावर मी तसाच बसून राहिलो. तीस वर्षं पाळकाचं काम केलेल्या माणसाला मरणाच्या बातमीचा धक्का बसत नाही, तो नुसता थकतो. किती जणांना माती दिली, किती कबरींच्या कडेला उभं राहून तीच वाक्यं म्हटली, याचा हिशेब मी कधीच सोडून दिला आहे. पण या बातमीतली एक गोष्ट काही केल्या मनातून जाईना. ज्या बाईंनी शेवटची चार वर्षं देवाशी बोलणं टाकलं होतं, त्यांना मातीत ठेवतानाही त्यांच्या वतीने कोणी देवाशी बोललं नाही. हे बरं झालं की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तीन आठवडे झाले. म्हणून लिहायला बसलो.

मार्थाबाई आमच्या मंडळीच्या बायबलबाई होत्या. ख्रिस्ती नसलेल्या वाचकांना हा शब्द ठाऊक नसेल. मिशनने नेमलेल्या या बायका वाडीवाडीवर जातात, बायकांत बसून शास्त्रातल्या गोष्टी सांगतात, कोणाच्या डोळ्यांत औषध घालतात, कोणाचं पत्र वाचून दाखवतात आणि उठताना प्रार्थना करतात. मी त्या गावी पाळक म्हणून गेलो तेव्हा मार्थाबाईंना या कामात पंधरा वर्षं झाली होती. गाव निजामाच्या हद्दीला लागून, सगळा माळ, उन्हाळ्यात विहिरींचा तळ दिसायचा. बाई उंच, हाडापेराने मोठ्या, हातात पुरुषी काळी छत्री. नवरा लग्नानंतर सहाव्या वर्षी प्लेगमध्ये गेलेला, पाठीमागे एकच मुलगा, शमुवेल. गावातल्या लोकांच्या जिभेला 'मार्था' कधी जमलं नाही. सगळे त्यांना मारताबाई म्हणत आणि त्या 'ओ' देत.

त्यांची प्रार्थना ऐकण्यासारखी असे. आम्ही शिकलेली माणसं प्रार्थना करतो तेव्हा आमचा आवाज बदलतो, शब्द जड होतात. मार्थाबाई देवाला 'बा' म्हणत आणि तो चुलीच्या पलीकडे पाटावर बसला आहे अशा बेताने बोलत. "बा, त्या गंगूच्या डोळ्याचं काय केलंस? मागल्या बुधवारी सांगितलं हुतं. इसरलास का?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. पुढे पुढे हेवा वाटू लागला. मी देवाविषयी बोलण्यात हयात घालवली, पण असं त्याच्याशी बोलणं मला साधलं नाही.

लढाईच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी शमुवेल फौजेत गेला. लॉरी चालवायला शिकला होता, सरकारला ड्रायव्हर हवे होते. त्याला पूर्वेकडे, ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर पाठवलं. सहा-सात महिने पत्रं आली. मग एक तार आली की तो बेपत्ता आहे. तार मीच वाचून दाखवली. 'बेपत्ता' या शब्दाचा अर्थ मार्थाबाईंनी मला दोनदा विचारला आणि मग म्हणाल्या, "म्हंजे सापडंल." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी देवामागे तगादा लावला. दर रविवारी उपासनेत त्या उठून उभ्या राहत आणि अख्ख्या मंडळीसमोर शमुवेलसाठी मागत. तिकडं पाऊस लई असतो म्हणत्यात, त्याला कोरडी जागा दे. पायात बूट असू दे. कुणी धरून ठेवलं असंल तर दोन घास घालायची बुद्धी दे. थंडीच्या दिवसांत म्हणत, पांघरूण दे. मंडळी मान खाली घालून 'आमेन' म्हणत असे. असं दोन वर्षं चाललं. एक रविवार चुकला नाही.

लढाई संपल्यावर फौजेकडून पाकीट आलं. इंग्रजीत होतं म्हणून पोस्टमनने ते माझ्याकडे दिलं. मी ते घरीच वाचलं, बायकोला सांगितलं आणि मग बाईंच्या घरी गेलो. सकाळची वेळ होती. त्या अंगणात बाजरी निवडत होत्या. पत्रात लिहिलं होतं की त्याच लॉरीवरचा दुसरा माणूस कैदेतून सुटून आला आहे आणि त्याच्या साक्षीवरून शमुवेलच्या मृत्यूची खात्री पटली आहे. लॉरी दरीत कोसळली, तो जागच्या जागी गेला. मी सगळं मराठीत सांगितलं. बाईंनी सूप खाली ठेवलं नाही.

"कंच्या दिवशी?" त्यांनी विचारलं.

मी तारीख वाचली. त्या बोटांवर मोजत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे तार आली तवाच तो नव्हता."

"नव्हता, बाई."

आता त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मला काहीतरी म्हणायला हवं होतं आणि मी तेच म्हणालो जे आजवर शंभर घरांत म्हटलं होतं. "बाई, देवाची इच्छा. त्याच्या मनात काय आहे ते आपल्याला..." त्यांनी हात वर केला.

"त्याची इच्छा असंल, पाळकसाहेब. लेकरं जात्यात. माझं काय येगळं हाय? पर दोन वरसं मी रोज त्याच्याशी बोलत हुते. मेल्याल्या पोरासाठी पांघरूण मागत हुते, बूट मागत हुते. त्याला म्हाईत हुतं ना? मग त्यानं एकदा तरी सांगायचं, बाई, पोरगा माझ्याकडं आलाय, आता मागू नगस. दारावरचं कुत्रं मेलं तर शेजारी सांगत्यात. ह्यानं एक शबुद काढला न्हाई. दोन वरसं माझं नुसतं आयकून घेतलं..." त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "बरं. त्याला बोलायचं न्हाई तर मलाबी न्हाई."

मी याला दुःखाच्या पहिल्या उमाळ्यातलं बोलणं समजलो. तसं ते नव्हतं. पुढच्या रविवारी त्या चर्चमध्ये आल्या, नेहमीच्या जागी बसल्या. प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले, मी जरा उघडून पाहिलं, तर बाई डोळे उघडे ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत बसल्या होत्या. गाणं गायल्या नाहीत. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या मरणाच्या आठवणीत भाकरी आणि रस वाटतात तेव्हा, हात पुढे केला नाही. पण त्या भोजनाची भाकरी मात्र आदल्या दिवशी त्यांनीच करून आणली होती, मनुका उकळून रसही त्यांनीच काढला होता, दरवेळी काढत तसाच. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "घरात अबोला धरला म्हनून बाई सैपाक सोडती का? तिचं काम तिनं करायचं. बोलायचं न्हाई एवढंच."

आणि तसंच चाललं. छत्री घेऊन त्या वाड्यावस्त्यांवर जात राहिल्या. गोष्टी सांगत, फोड धूत, पत्रं वाचत. उठताना बायका प्रार्थनेसाठी पदर सावरून बसल्या की त्या म्हणत, "ज्याची त्यानं करा." बायकांना आधी चमत्कारिक वाटलं, मग सवय झाली. सवय झाली नाही ती आमच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना. शाळेचे हेडमास्तर एक दिवस माझ्याकडे आले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "पाळकसाहेब, बायबलबाईच प्रार्थना करत नाही म्हटल्यावर लोक आपल्या धर्माला काय म्हणतील? आज ना उद्या ही गोष्ट नगरला मिशनच्या कचेरीत जाणारच. तुम्हीच कळवलेलं बरं." नगरहून विचारणा आलीच. मी अहवाल लिहिला. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. बाई प्रार्थना करत नाहीत, प्रभुभोजन घेत नाहीत, विचारल्यावर देवाशी अबोला आहे असं सांगतात. हे लिहिलं. भर उन्हात तीन-तीन मैल चालत जाऊन, ज्यांच्या दारात सख्खे भाऊ उभे राहत नाहीत अशा महारोग्यांच्या जखमा त्या बांधतात, हे लिहिलं नाही. ते विचारलंच नव्हतं, अशी मी मनाची समजूत घातली.

दोन महिन्यांनी त्यांना कामावरून कमी केल्याचं पत्र आलं. ते घेऊन मीच गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं. उद्या वडारवस्तीवर जायचंय, तिथल्या म्हातारीचा पाय सुजलाय." मला वाटलं, त्यांना नीट कळलं नसावं. मी पुन्हा सांगितलं. त्या जरा हसल्या. "कळलं की. पर म्हातारीचा पाय सुजल्यालाच हाय ना?" त्या गेल्या. पुढेही जातच राहिल्या. शेजाऱ्यांच्या शेतात खुरपायला जाऊन पोट भरत आणि उरलेल्या वेळी आधीसारख्याच हिंडत.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात पटकीची साथ आली. विहिरी तळाला गेल्या की आमच्याकडे ती येतेच, पण त्या साली फार आली. माझी धाकटी मुलगी लीला सहा वर्षांची होती. सकाळी तिला दोन उलट्या झाल्या आणि दिवस मावळायच्या आत ती गेली. मधल्या वेळात मी काय केलं असेल? गुडघ्यांवर बसून प्रार्थना केली. मार्थाबाईंनी काय केलं? त्यांना कोणी सांगितलं ते ठाऊक नाही, पण दुपारी त्या आल्या, पदर खोचला, आणि शेवटपर्यंत लीलाला मीठ-साखरेचं पाणी चमच्याने पाजत राहिल्या. माझ्या बायकोला एका हाताने धरून ठेवलं होतं. एक शब्द बोलल्या नाहीत. देवाशी नाही आणि आमच्याशीही नाही.

लीलाला माती मीच दिली, दुसरा पाळक कुठून आणणार? पुस्तक उघडून वाचायला लागलो आणि दुसऱ्या ओळीवर माझा आवाज गेला. मला तिथे उभं राहून पहिल्यांदा कळलं की ही वाक्यं मी इतरांना कशी देत आलो होतो... ताटात वाढून ठेवलेल्या थंडगार अन्नासारखी. हेडमास्तरांनी पुढे होऊन उरलेलं वाचलं. त्यांचे मी आजही उपकार मानतो.

पंधरा-वीस दिवसांनी मी मार्थाबाईंच्या दारात जाऊन उभा राहिलो. का गेलो ते सांगता येत नाही. घरात बसवत नव्हतं. मी आधी अहवालाचं बोललो. म्हणालो, "बाई, मी तुमच्याबद्दल निम्मंच लिहिलं."

"खरंच लिव्हलं ना? मी बोलत नव्हतेच."

"बाकीचं लिहायला हवं होतं."

"जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "तुमचं काय झालंय ते बगा आता."

मग मी विचारलं, जे पाळकाने कोणाला विचारू नये. म्हटलं, बाई, तुम्ही त्याच्याशी बोलत नाही, तो तुमच्याशी बोलत नाही. मग तुम्ही त्याच्या दारात राहता कशाला? चर्चमध्ये येता कशाला? ती भाकरी करता कशाला? त्या पायाच्या अंगठ्याचं नख खुडत बसल्या. मग सावकाश, स्वतःलाच सांगावं तसं म्हणाल्या:

"सोडून जावं असं लई येळा वाटलं. पर एक मनात येतं. वधस्तंभावर त्याच्या सोताच्या लेकानं हाक मारली हुती ना? बा, मला का टाकलंस, म्हनून. तवा तरी वरनं काय आवाज आला? न्हाई आला. सख्ख्या लेकालाबी त्यानं उत्तर दिलं न्हाई. मग माझ्याच वाट्याला हे आलंय असं न्हाई. मी त्या लेकाच्या बाजूला बसलीये, पाळकसाहेब. बापाशी न्हाई बोलत. पर लेकाला एकटं टाकून कुटं जाऊ?"

मी धर्मशास्त्र शिकलो आहे. दुःखाचा प्रश्न, देवाचा न्याय, यांवर इंग्रजीत आणि मराठीत जे मिळालं ते वाचलं आहे. त्यातलं काहीही त्या दिवसांत माझ्या उपयोगी पडलं नाही. या बोलण्याने माझं दुःख कमी झालं असंही नाही. पण पुढच्या रविवारी मी चर्चमध्ये जाऊ शकलो. एवढंच झालं, आणि तेवढं मला पुरलं.

पुढे माझी बदली नगरला झाली. जाणं-येणं कमी झालं. मध्यंतरी स्वराज्य आलं, आणि हद्दीपलीकडे, निजामाच्या मुलखात, गडबड सुरू झाली तेव्हा तिकडची पुष्कळ माणसं गाडग्यामडक्यांसह आमच्या त्या गावात येऊन राहिली. कोणी शाळेत, कोणी चर्चच्या पडवीत. गेल्या वर्षी एका लग्नाच्या निमित्ताने मी तिकडे गेलो तेव्हा मार्थाबाईंना भेटलो. खोकल्याने वाळल्या होत्या. छातीत दुखतं म्हणाल्या. मी मिशनच्या दवाखान्यात येण्याविषयी सांगितलं, त्यांनी ऐकल्यासारखं केलं. निघताना मी हसत हसत विचारलं, "बाई, अबोला सुटला की नाही?"

"एकदा बोलले," त्या म्हणाल्या.

हद्दीपलीकडून आलेली हौसा नावाची एक धनगराची सून होती. पहिलटकरीण. नवरा वाटेतच कुठे चुकलेला. चर्चच्या पडवीत तिच्या कळा सुरू झाल्या आणि दोन दिवस सुटका होईना. सुईणीने हात टेकले. हौसाने बाईंचं मनगट धरलं आणि म्हणाली, मावशी, तुमच्या देवाला सांगा ओ.

"मी काय सांगू तिला, की माझं त्याचं भांडान हाय म्हनून? उटले, आत गेले, भितीकडं तोंड केलं अन् म्हनलं, बा, तुझं-माझं राहू दे बाजूला. माझ्यासाठी न्हाई बोलत. हिला सोडव."

"मग?"

"हौसा वाचली. लेकरू मेल्यालंच निघालं." त्यांना खोकला आला, तो थांबेपर्यंत मी उभा राहिलो. "निम्मंच आयकलं त्यानं. मी पुन्ना गप झाले. पर पाळकसाहेब, खरं सांगते... लई दिसांनी त्याला हाक मारली ना, तवा बरं वाटलं हुतं."

ती आमची शेवटची भेट.

बाबूभाई येऊन गेल्यावर आठवड्याने मी मोटारीने जामखेडच्या रस्त्याला गेलो आणि तिथून तीन मैल चालत गावात. आता तेवढं चालणं मला झेपत नाही, दोनदा बसावं लागलं. आधी कबरीवर गेलो. लोकांनी वर दगड रचले होते, कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून. मी पुस्तक नेलं होतं. ते उघडलं, आणि मिटलं. त्या बाईंच्या वतीने मी काय बोलणार होतो? टोपी काढून जरा वेळ उभा राहिलो आणि एवढंच म्हणालो, "आता तुम्ही दोघं समोरासमोर आहात. तुमचं तुम्ही बघा." इतकी लहान प्रार्थना मी आयुष्यात केली नव्हती. आतून काहीतरी हललं असं म्हणणार नाही. पाय दुखत होते.

परतताना बाईंच्या घरावरून आलो. वाटलं होतं कुलूप असेल. दार उघडं होतं, जमीन सारवलेली, आणि बाहेरच्या ओट्यावर एक म्हातारा व कडेवर किरकिरं मूल घेतलेली एक बाई, दोघं मुकाट्याने बसली होती. आतून एक तरुण बाई पाणी घेऊन आली. मी नाव विचारलं. हौसा. तिच्या माणसाचा अजून पत्ता नाही, ती तिथेच राहते. ती म्हणाली, "मावशी गेल्या तरी ह्या येळेला मानसं येत्यात. मावशी न्हाईत म्हनलं तरी जात न्हाईत. बसत्यात."

"मग तू काय करतेस?"

"म्या काय करनार? मला वाचता येत न्हाई, औशीद ठावं न्हाई. पानी देते. काय सांगत्यात ते आयकते."

मोटारीला अवकाश होता. मी त्या म्हाताऱ्याशेजारी टेकलो. हौसाने मलाही पाणी दिलं आणि समोर भुईवर बसली, काही न विचारता. ऊन उतरायला लागलं होतं. माझ्या ध्यानात यायला बराच वेळ लागला की मी बोलतो आहे, आणि लीलाबद्दल बोलतो आहे... ती केस विंचरताना कशी पळायची, 'र' म्हणता येत नसे म्हणून कशी चिडायची. तीन वर्षांत हे नाव मी घरातही काढलं नव्हतं. म्हातारा ऐकत होता. कडेवरचं मूल झोपलं होतं. हौसा मधूनच मान हलवत होती, आणि कोणालाही कुठे जायची घाई नव्हती.